उजवीकडे जायचा सव्यापसव्य

चेन्नईच्या मोठ्या रस्त्यांवर उतरायचं तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते. उजवीकडे जायचं असेल तर डावीकडे वळायचं. तेही लगेच नाही. जो रस्ता धरायचा तो आधी पुलावरून ओलांडायचा, आपलं ठिकाण उजव्या हाताला मागे पडताना शांतपणे बघायचं, मग डावा दिवा लावायचा आणि पाऊण गोल फिरायचं. गोल संपतो तेव्हा मघाशी ज्या पुलावरून गेलो त्याच पुलाखालून आपण चाललेलो असतो आणि तोंड अगदी बरोबर उजवीकडे झालेलं असतं. मध्ये कुठेही थांबलेलो नसतो, कोणी कोणाला आडवं गेलेलं नसतं, सिग्नल नसतो, शिट्टी नसते. सगळं इतकं बिनबोभाट घडतं की नवख्या माणसाला आपण फसवले गेल्याची खात्रीच पटते.

माझ्या आत्याला ती पटलीच होती. ती पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा विमानतळावरून वेलाचेरीला निघालो. जीएसटी रोडने कत्तिपाऱ्याच्या इंटरचेंजला पोहोचेपर्यंत तिने माझ्याकडून नकाशाची तोंडी परीक्षा घेतली होती.

"अरे, वेलाचेरी उजवीकडे म्हणालास ना?"

"हो आत्या."

"मग हा डावीकडे कुठे घेऊन चाललाय? मीटर पळवतोय. सांग त्याला, आम्ही नवीन नाही म्हणून."

ड्रायव्हरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळला. आरशात न बघताच तो म्हणाला, "लूप, अम्मा, लूप." गाडी पूर्ण फिरून पुलाखाली आली. आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "प्रदक्षिणा झाली खरी, पण उलटी."

इंटरचेंजबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण याहून नेमकं वाक्य मला कुठे भेटलेलं नाही. देव आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं, ही प्रदक्षिणेची साधी रीत. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे जुना गोल चौक असेल तर मधला पुतळा आपोआप प्रत्येकाच्या उजव्या हाताला येतो. कत्तिपाऱ्याला पूर्वी असाच गोल चौक होता आणि त्यात पंडित नेहरूंचा पुतळा. मीनंबाक्कमहून शहरात येणारा, पूनमल्लीहून येणारा, वेलाचेरीला जाणारा, प्रत्येक जण नेहरूंना शास्त्रोक्त प्रदक्षिणा घालूनच पुढे जाई. नेहरूंचा स्वतःचा स्वभाव बघता त्यांना हे कितपत रुचलं असतं देव जाणे, आणि नास्तिक पेरियारांच्या शहरात हे रोज चाले ही आणखी एक गंमत. २००८ साली तिथला क्लोव्हरलीफ, म्हणजे चार गोल वळशांचा इंटरचेंज, पुरता खुला झाला आणि हिशेब फिरला. आता मधोमध कोणी नाही. कडेला वळसे आहेत आणि त्या वळशांत गोलाचा मध्य कायम डाव्या हाताला राहतो. एका फटक्यात अख्ख्या शहराचं अपसव्य झालं.

हा चमत्कार मुळात चेन्नईचा नाही. अमेरिकेत मेरीलँडच्या आर्थर हेल नावाच्या अभियंत्याने १९१६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती साधी आणि काटकसरी होती: दोन मोठे रस्ते एकमेकांवरून न्यायचे, त्यासाठी पूल एकच बांधायचा आणि उरलेली सगळी कामं जमिनीवरच्या वळणांवर सोपवायची. सरळ वळणारे चार बाहेरून जातील, उलटे वळणारे चार आतल्या गोलातून जातील. एका पुलात आठ वळणं बसली. तिथला पहिला क्लोव्हरलीफ न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावी १९२९ मध्ये उभा राहिला. मोटारी तेव्हा इतक्या थोड्या होत्या की ही सोय म्हणजे चैनच वाटली असावी.

चैनीत एक खोट होती, ती गर्दी वाढल्यावर दिसली. एका गोलातून बाहेर पडणारी गाडी पुलाच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला डावीकडून मिळते. पुढच्या गोलात शिरणारी गाडी पुलाच्या पलीकडे डावीकडेच बाहेर पडते. म्हणजे पुलाच्या त्या इवल्या तुकड्यात एकाला आत यायचं असतं आणि दुसऱ्याला बाहेर जायचं असतं, दोघांनाही त्याच जागेतून, त्याच क्षणी. थांबायला नको म्हणून एवढं बांधकाम केलं आणि थांबायची पाळी नेमकी पुलावरच आली. अमेरिकेत म्हणूनच पुढे जुने क्लोव्हरलीफ मोडून वेगळ्या रचना करायला सुरुवात झाली. वुडब्रिजचा तो पहिलाही मूळ रूपात उरलेला नाही.

चेन्नईत या इवल्या तुकड्यावर काय घडतं ते संध्याकाळी सहा वाजता बघावं. डावीकडून शेअर रिक्षा येते, तिच्यात माणसं किती हे बाहेरून मोजता येत नाही. उजवीकडून एमटीसीची बस येते, तिला डावीकडे जायचं असतं आणि ती तसं कोणाला विचारत नाही. मधून एक दुचाकी जाते, तिच्यावर नवरा, बायको, दोन मुलं आणि कोयंबेडूहून घेतलेली केळीची पानं. तिघांच्याही मनात एकच नियम असतो: ज्याचं पुढचं चाक पुढे, त्याचा हक्क पुढे. हेलसाहेबांनी काढलेल्या रेषांमध्ये हा नियम कुठेच नव्हता, तरी त्यांचं गणित रोज सुटतं. कोणी काच खाली करून भांडत बसत नाही. पुण्यात एवढ्या ऐवजावर निदान दोन जणांनी गाडी बाजूला घेऊन एकमेकांच्या शिक्षणाची चौकशी केली असती.

चेन्नईचं पूल बांधायचं वेड तसं जुनं. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५चा, देशातला पहिला. त्यानंतर आठ वर्षांनी, १ जुलै १९७३ला, मद्रासमध्ये जेमिनी चौकावरचा पूल सुरू झाला. करुणानिधी मुख्यमंत्री होते आणि पुलाला अण्णादुरैंचं नाव दिलं गेलं, अण्णा उड्डाणपूल. पण बाजूला एस. एस. वासन यांचा जेमिनी स्टुडिओ होता, 'चंद्रलेखा' काढणारा, आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं ते त्याचं. आज स्टुडिओ नाही, पाटीवर अण्णा आहेत आणि कंडक्टर अजून जेमिनीच म्हणतो. सरकार पुलाला नाव देऊ शकतं, पण ते लोकांच्या तोंडात घालू शकत नाही. हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक महापालिकेनेही घेतलेला आहे.

त्याच जेमिनीपाशी घोडा आवरणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. १९७४ मध्ये राज्याने घोड्यांच्या शर्यती बंद करायचा कायदा केला, त्याची ही आठवण. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असं ठरवलं, आणि कत्तिपाऱ्यापासून जवळच गिंडीच्या मैदानावर घोडे खुशाल धावत राहिले. पुतळ्यातल्या माणसाला मात्र हा निकाल कोणी कळवला नाही. तो अजून लगाम खेचून उभा आहे आणि पुलाखालची वाहतूक बघता त्याचं तिथलं काम संपलं आहे असं म्हणवत नाही.

आता पुन्हा इंटरचेंजकडे. शहराच्या आतल्या वर्तुळाकार रस्त्याला, म्हणजे इनर रिंग रोडला, जवाहरलाल नेहरू सालै हे नाव आहे. लोक त्याला हंड्रेड फीट रोड म्हणतात. चेन्नईचे नावाजलेले तीन इंटरचेंज याच रस्त्यावर आहेत. दक्षिणेला कत्तिपारा, मध्ये कोयंबेडू, उत्तरेला पाडी. तिघांचेही स्वभाव वेगळे. कत्तिपारा सर्वांत मोठा आणि सर्वांत मानी. कोणीही पाहुणा विमानतळावरून शहरात येताना आधी त्याच्यापुढे हजेरी लावतो. पाडी आजूबाजूच्या कारखान्यांच्या संगतीत वाढला, तो कमी बोलतो आणि लॉऱ्या जास्त सांभाळतो. कोयंबेडूला संसार फार. १९९६ साली कोतवाल चावडीचा जुना भाजीबाजार जॉर्ज टाऊनमधून उठून इथे आला, २००२ मध्ये बाहेरगावच्या बसचं प्रचंड स्थानक आलं. पहाटे चार वाजता सगळं शहर झोपलेलं असतं तेव्हा कोयंबेडूला फुलं, कोथिंबीर आणि तिरुनेलवेलीहून आलेले जावई एकाच वेळी उतरत. २०२३च्या अखेरीस दक्षिणेकडच्या बसचं नवं स्थानक वंडलूरच्याही पुढे किळांबाक्कमला नेलं. फुलं आणि कोथिंबीर अजून कोयंबेडूलाच येतात, जावयांना मात्र आता किळांबाक्कमहून पुढे शहरापर्यंत वेगळा प्रवास करावा लागतो.

चौथा इंटरचेंज मदुरवायलचा, शहराला बाहेरून वळसा घालणाऱ्या चेन्नई बायपासवर. हा बायपास पेरुंगळत्तूरहून पुळलपर्यंत साधारण बत्तीस किलोमीटरचा. मदुरवायलला तो बंगळूरच्या रस्त्याला भेटतो. याच मदुरवायलहून थेट बंदरापर्यंत कूवम नदीच्या कडेने उंच रस्ता न्यायचा बेत होता. २००९च्या जानेवारीत मनमोहन सिंगांनी कोनशिला बसवली, खांब उभे राहू लागले आणि २०१२ मध्ये काम थांबलं. नदीचा प्रवाह अडेल, असं कारण होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं कूवमच्या पात्रात ते खांब नुसतेच उभे होते, वर रस्ता नाही. २०२२च्या मे महिन्यात नरेंद्र मोदींनी नव्या, दुमजली रस्त्याची कोनशिला बसवली. एकाच रस्त्याला दोन पंतप्रधान लाभले, रस्ता तेवढा लांबत गेला. आपल्याकडे रस्त्याच्या आयुष्यात कोनशिला हे बारसं नसून साखरपुडा असतो, हे ज्याला कळलं त्याला मनस्ताप कमी होतो.

कत्तिपाऱ्यावर वाट चुकणाऱ्यांनी लाजू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली ती इथूनच जवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात. १० एप्रिल १८०२ला विल्यम लॅम्बटन याने इथल्या सपाटीवर पहिली आधाररेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांची एक सरळ रेघ, आणि ती मोजायला सत्तावन्न दिवस लागले. मोजायची पोलादी साखळी शंभर फुटांची होती. ती इंग्रजांनी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती, बादशहाला तिचं काही कौतुक वाटलं नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. पुढे त्या रेघेवरून त्रिकोणावर त्रिकोण रचत मोजणी हिमालयापर्यंत पोहोचली. ज्या जागेवरून सगळ्या देशाचा नकाशा सुरू झाला तिथेच आज भल्याभल्यांना आपण कुठे आहोत ते कळत नाही. लॅम्बटनला शंभर फूट साखळी पुरली होती, आपल्याला शंभर फूट रस्ता पुरत नाही.

फोनमधली बाईसुद्धा इथे बराच काळ गोंधळलेली असे. आकाशातून बघणाऱ्याला पुलावर आणि पुलाखाली सारखंच दिसतं. तिला गाडी कुठल्या मजल्यावर आहे हे उमगत नसे आणि ती पुलावर असताना खालचं वळण सांगे. २०२४ मध्ये गूगलने भारतापुरती खास सोय केली, उड्डाणपूल आला की आधी सांगायची. तरी कत्तिपाऱ्यात ती बोलेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. रिक्षावाल्याला विचारावं तर तो हात समोर करून "नेरा पोंगा" म्हणतो, सरळ जा. त्या सल्ल्यात चूक काढता येत नाही. सरळ गेल्याशिवाय इथे उजवीकडे जाताच येत नाही.

मराठी पाहुण्यांना कत्तिपारा टळत नाही, कारण त्यांना जिंजीला जायचंच असतं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला, राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षं झुंजवलेला हा किल्ला २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आला. बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात, हा एकटा तामिळनाडूत. तेव्हापासून माझ्याकडच्या पाहुण्यांत इतिहासप्रेमी वाढले आहेत. सकाळी निघताना त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, "राजाराम महाराज वेषांतर करून एवढ्या लांब आले कसे हो?" कत्तिपाऱ्याच्या वळशातून बाहेर पडून जीएसटी रोडला लागेपर्यंत मीही त्याच विचारात असतो. वेषांतर जमेल एक वेळ, पण पाट्या कोण वाचून दाखवणार?

पुण्याच्या पाहुण्यांपुढे पुलांचा विषय काढताना मात्र मी जपून बोलतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात स्फोटाने उडवायचा होता. सगळं पुणे ते बघायला रात्रभर जागलं, सुरुंग उडाले, धूळ बसली आणि पुलाचा मोठा भाग तसाच उभा. उरलेलं काम यंत्रांनी करावं लागलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवा चौक सुरू झाला आणि कोथरूडची माणसं काही दिवस बावधनला निघून मुळशीच्या वाटेला लागत होती. विद्यापीठ चौकातला पूल तर २००६चा, तो मेट्रोच्या आड आला म्हणून २०२०मध्ये पाडला. इथे कत्तिपाऱ्यालाही मेट्रो आलीच. चेन्नईच्या मेट्रोचा पहिला टप्पा २९ जून २०१५ला सुरू झाला तो आलंदूर ते कोयंबेडू, म्हणजे या दोन इंटरचेंजच्या मधलाच. पण इथे पूल पाडला नाही. पुलाच्या वरून मेट्रोचा पूल काढला. रस्त्यावर पूल, पुलावर मेट्रो. आत्याने ते खालून बघितलं आणि विचारलं, "याच्याही वर काय?" मी म्हटलं, "विमानं." ती गंमत नव्हती, विमानतळ खरंच जवळ आहे.

मला या सगळ्यात एकच गोष्ट खुपते. चौक होता तेव्हा लोक थांबत. थांबावं लागे म्हणून थांबत, पण थांबत. थांबले की शेजारच्या स्कूटरवरचा ओळखीचा निघे, फुलवाली मल्लिगेचा गजरा खिडकीतून आत देई, पोलीस शिट्टी वाजवून आपलं अस्तित्व सिद्ध करी. रस्ता विचारायला माणूस सापडे. इंटरचेंजमध्ये कोणाची कोणाशी गाठ पडत नाही, तीच तर त्याची ख्याती. दोन रस्ते एकमेकांवरून निघून जातात, तोंडं न बघता. आणि जो चालत आला आहे त्याला कोणीच हिशेबात धरलेलं नसतं. गाडीवाल्याचा पाऊण गोल दोन मिनिटांत होतो, पण पुलाच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पायी जायचं असेल तर उन्हात किती भोवती फिरावं लागतं ते एकदा एखाद्या मंत्र्याने घाम पुसत मोजून बघावं.

म्हणून कत्तिपाऱ्याचं मला कौतुक वाटतं ते वरच्या पुलासाठी नाही, खालच्या जागेसाठी. क्लोव्हरलीफच्या गोलांमध्ये जी जमीन अडकून पडते तिचं काय करायचं हे जगात बहुतेक ठिकाणी कोणाला सुचत नाही. गवत लावतात, कारंजं बसवतात, कारंजं बंद पडतं. इथे मेट्रोवाल्यांनी २०२१ मध्ये त्या जागेत अर्बन स्क्वेअर केला. बसथांबे, गाड्या ठेवायची जागा, खाण्याची दुकानं, मुलांना खेळायला मैदान. आता संध्याकाळी वरून गाड्या उलट्या प्रदक्षिणा घालत असतात आणि खाली कॉलेजची पोरं फिल्टर कॉफीचा पेला हातात घेऊन ज्याची वाट बघायची त्याची वाट बघत बसलेली असतात. गजरेवाली परत आली आहे. पूर्वी चौकात थांबणं हा नाइलाज होता, आता इथे लोक मुद्दाम थांबायला येतात. आत्याला मी तिथे घेऊन गेलो. तिने कॉफी घेतली, चव बरी आहे म्हणाली (पुणेरी कौतुकाची ही कमाल मर्यादा) आणि एकूण बांधकामाला पास केलं.

माझंही मत तेच आहे. पूल हवेत, वळसेही हवेत. दिवसाला लाखो गाड्या एका चौकात सिग्नलला उभ्या करून ठेवण्यात कोणाचं भलं नाही. पण नाशिकला, नागपूरला, कोल्हापूरला कुठेही असा इंटरचेंज व्हायचा असेल आणि त्याचा नकाशा तुमच्यापुढे सूचना-हरकतींसाठी आला, तर किती मजले आणि किती खांब हे बघू नका, ते अभियंत्यांना कळतं. तुम्ही दोनच प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या: चालणारा माणूस हा रस्ता कुठून ओलांडणार, आणि पुलाखाली बसायला बाकं कुठे आहेत? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कोनशिलेला नारळ फोडू देऊ नका.